टॉलरन्स बत्तीस

तालमीच्या पोरांना बोर्ड फ्लेक्सचाच पाहिजे,
पण हातानं रंगवल्यागत दिसणारा.
मालक म्हणाले, मग हातवालाच आणू.

म्हणून दस्तगीर पेंटर आले शाहूपुरीत,
आमच्या दुकानाच्या दोन पायऱ्या दमानं चढून,
पिशवीत सतरा कागद.
प्रत्येकावर ब्रशाचा एक फटकारा,
फटकाऱ्याला पन्नास रुपये.
कागद म्हणजे कुस्तीची जुनी हँडबिलं,
कोरी बाजू वर.

स्कॅनरची काच पुसून एकेक पालथा घातला.
हिरवा आला, बुडाशी दाट,
शेपटीकडं इतका विरळ की ब्रशाचे केस मोजावेत.
गेरू आला, त्यात खरोखरचा एक केस चिकटलेला.
आणि सगळ्यांभोवती पांढरा.

पांढरा काढायचा, हे माझं काम.
जादूची कांडी म्हणतात त्या हत्याराला.
टॉलरन्स बत्तीस. एक क्लिक.
रंगाच्या कडेनं मुंग्या चालायला लागतात,
डिलीट दाबलं की उरतात
करडे-पांढरे चौकोन, म्हणजे तिथं काही नाही.
काही नाही हे दाखवायलाही
काहीतरी लागतंच.

पण कागद सरळ पांढरा असेल तर ना.
घडीच्या जागी पिवळट, कोपऱ्यात चहा,
आणि पाठीमागची छपाई पुढं झिरपलेली:
कुणा पैलवानाचं आडनाव उजवीकडून डावीकडं
हिरव्याच्या शेपटीत पाय अडकून पडलेलं.
बत्तीसचे चाळीस केले, चाळीसचे साठ.
नाव गेलं. शेपटीही गेली.
मागं घेतलं.
मल्टिप्लाय लावून बघितलं,
पांढरा आपसूक विरघळला,
पण खाली काळा ठेवला तर रंगही विरघळला.
पुन्हा मागं घेतलं.

चाचा स्टुलावर, चहा बशीत.
"पांढरा काढायचे पैसे मिळतात तुला?"
"व्हय."
"मला घालायचे मिळायचे.
सावली काय, कुणीबी देतंय अक्षराला.
वरच्या अंगाला एक पांढरी रेघ मारली
की अक्षर भिंत सोडून पुढं यायचं."
असं म्हणून बशी फुंकत राहिले.

संध्याकाळपर्यंत सोळा सुटे झाले.
सतरावा पडद्यावर नुसताच कागद दिसत होता,
एका क्लिकमध्ये मुंग्यांनी सगळा वेढला.
चुकून कोरा आला असेल म्हणून
मी तो कचऱ्याच्या फोल्डरात टाकलेला.

चाचांनी पडद्यावर बोट ठेवून मोजले. दोनदा.
"सोळाच?
माझा पांढरा कुठाय?"

मी कागद उचलला, दारात नेला,
उतरत्या उन्हात तिरपा धरला.
होता की.
कागदभर, सगळ्यांत जाड, सगळ्यांत लांब,
नांगरल्यागत उभ्या वरंब्यांचा झिंक व्हाइट,
प्रत्येक वरंब्याला स्वतःची बारीक सावली.
आमचं मशीन सरळ समोरून बघतं.
समोरून बघणाऱ्याला
पांढऱ्यावर पांढरा लागत नाही.

मग मशीन राहिलं बाजूला.
मालकांनी मोबाइलची बॅटरी आडवी धरली,
मी फोटो काढला,
आणि मास्कवर माउसनं एकेक वरंबा
हातानं भरत बसले.
कांडी नाही, टॉलरन्स नाही.
"तिथं नको," चाचा मागून म्हणाले,
"तिथं हात उचलला होता मी.
हां, तिथं सोड. श्वास घेतला तिथं."

शेजारच्या बेकरीचं शटर पडलं.
आमचं अर्धं ओढून मालक जेवायचा डबा उघडून बसले.
साडेनऊला काळ्या थरावर तो एकटा ठेवला
तेव्हा चाचांनी चष्मा काढला,
पुसला, घातला,
आणि म्हणाले, "थोडा वाकडाच आलाय."

आठशे पन्नास मोजून घेतले.
सोळा कागद आमच्याकडंच सोडले,
सतरावा उलटा करून नळीखाली धरला,
मागची दोन नावं वाचली,
तारीख वाचली.
"ही बरोबरीत सुटलेली," एवढंच बोलले.
घडी घातली नाही.
रंग आत ठेवून सैल गुंडाळी केली,
माझ्या टेबलावरचं एक रबर मागून घेतलं.